पिसं झडण्याचे दिवस

१४ ऑक्टोबर
परसात पिसंच पिसं. कुणी उशी फाडली की काय असं वाटलं. तांबडीची मान पार उघडी पडलीय, काळीला शेपूटच उरलं नाही. दरवर्षी या दिवसांत झडतात, ठाऊक आहे. तरी बघवत नाही. अंडी बंद.

१७ ऑक्टोबर
शेजारचा महांतेश भिंतीवरून विचारतो, कोंबड्यांना रोग लागलाय का, आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पिसं येतात. रोग म्हणे! जनावरांच्या डॉक्टरांना दाखवून आणलंय मी. आजार नाही, जुनी जाऊन नवी येतात, सुकट घाला म्हणाले. सगळं ऐकवलं त्याला. "सरी, सरी" म्हणजे बरं बरं करत आत गेला. आमच्या सबंध हेब्बाळ भागात बांधकामांची धूळ उडते ती चालते या शेजाऱ्यांना — माझ्या कोंबडीचं पीस चालत नाही.

यांना सांगितलं तर पेपरातून मान वर नाही. "स्वल्प दमानं घे, अनुसूया." बस्स. एवढंच.

२२ ऑक्टोबर
तांबडीच्या मानेवर काड्यांसारखी नवी पिसं डोकावतायत. हात लावू देत नाही. दुखत असणार.

२५ ऑक्टोबर
आज महापालिकेचा माणूस दारात! कुणीतरी फोनवर तक्रार केलीय — कोंबड्या आजारी आहेत, हलवा. कुणी ते सांगेना. सांगायला कशाला हवं? त्याला परसात नेलं, नवी पिसं दाखवली. पुन्हा येऊन बघतो म्हणाला आणि गेला.

मग तडक भिंतीपाशी. महांतेशला नाही नाही ते बोलले. बेळगावाकडून काल आलास, आमच्या इथं पिढ्या गेल्या — असलंसुद्धा. सगळी गल्ली ऐकत होती. त्याची बायको शिवलीला दारात उभी राहून रडायला लागली. रडू दे.

हे आतच बसून. माझ्या बाजूनं एक शब्द नाही. रात्री यांचं ताट वाढून ठेवलं आणि मी परसात जाऊन बसले.

२७ ऑक्टोबर
शिवलीला आली. मी दार अर्धंच उघडलं. हळूच म्हणाली, "अक्का, फोन आम्ही नाही केला. तुम्ही अण्णांना विचारा."

अण्णा म्हणजे हे. हिची हिंमत तरी बघा!

२८ ऑक्टोबर
विचारलं. फोन यांनीच केला होता, परसातून; शिवलीलानं भिंतीपलीकडून ऐकलं. उन्हाळ्यापासून यांना दम लागतोय. छातीत पिसांची धूळ बसतेय, कोंबड्या घरात नकोत, असं डॉक्टरांनी सांगितलंय. मला का नाही सांगितलं?

"सांगितलं असतं तर त्याच दिवशी देऊन टाकल्या असत्यास. मला तुझ्या हातून ते करवून घ्यायचं नव्हतं. म्हटलं, त्यांनी नेल्या तर महापालिकेवर चिडशील."

सकाळी आधी महांतेशकडे जायचं. मग कोंबड्यांसाठी घर बघायचं. यांच्यावर रागवायचं तेवढं राहून गेलं.