गोदूच्या बांगड्या

कल्याण, आषाढ शु॥ ६, शके १८०९

चिरंजीव विश्राम यास ठमाताईचे अनेक आशीर्वाद. येथील क्षेम. तुझा खोकला अजून आहे का? कोर्टात ओरडणे कमी कर, म्हणजे जाईल.

लिहायला बसले ते तुझ्या गोदूसाठी. तिचे सासर माझ्या समोरच, म्हणून दिसते. त्यांच्या दारी कासारीण फार येते. सण नाही, वार नाही, हिरव्या बांगड्या घेऊन हजर. तिची सासू सखुबाई म्हणते, बांगड्या वाढल्या, दिवेलागणीच्या आत सवाष्णीचा हात भरलेला हवा. पण रोज इतक्या फुटतात कशा? विहिरीवर गोदूला विचारले, तर कळशी लागली म्हणाली आणि मनगटावर पदर ओढला.

रात्री जेवणे झाली की जावईबापू तिला वाचायला बसवतात. माझ्या खिडकीत ऐकू येते. मध्येच वाचन थांबते आणि लगेच सखुबाई घंटा वाजवून मोठ्याने आरती म्हणू लागते. ती आरतीची वेळ नसते, विश्राम.

माझे हात रिकामे म्हणून दुसरीच्या बांगड्यांवर डोळा, असे म्हणशील. म्हण, पण चौकशी कर. लोभ आहे तसा राहू दे.

— ठमाताई

ठाणे, आषाढ शु॥ ९

तीर्थस्वरूप ताईचे चरणी विश्रामचा शिरसाष्टांग नमस्कार. खोकला बरा आहे.

ताई, तुला सोवळ्यातल्या माणसांचा संशय होताच, आता सुधारकांचाही येऊ लागला. आनंदरावांचे स्त्रीशिक्षणावरचे भाषण मी स्वतः सभेत ऐकले आहे. लोकांनी शेण फेकले तरी ते बोलत राहिले. म्हणून तर मी मुलगी दिली. असा मनुष्य बायकोवर हात टाकील? मला पटत नाही.

तरी तुझ्या समाधानासाठी मी त्यांनाच पत्र घालून बांगड्यांचे विचारले आहे. ओघात तुझे नाव आले. राग नसावा, माया कमी होऊ देऊ नये.

— विश्राम

कल्याण, आषाढ व॥ १०

चि. विश्राम यास आशीर्वाद.

तू त्यांनाच विचारलेस. शाबास रे वकिला.

गोदूचे विहिरीवर येणे बंद झाले. तिच्या हातातली काच काढून सोन्याच्या पाटल्या घातल्या आहेत. काचेत सौभाग्य असते ही खुळी समजूत आहे, असे जावईबापू आळीत सांगतात, आणि लोक वाहवा करतात. माझी सावली पडली तरी पाणी ओतणारी सखुबाई हे मुकाट्याने ऐकते कशी? कासारीण आता येत नाही. फुटायला काही उरलेच नाही. अवेळची आरती मात्र होते.

मी विधवा होऊन घरी आले, तेव्हा तू मला पाटीवर अक्षरे शिकवलीस. मी किती चुकत असे. तुझ्या हातात कधी छडी होती का?

नागपंचमीला गडी पाठवू नकोस, स्वतः येऊन तिला माहेरी ने. काही विचारू नकोस. नुसते वाचायला सांग. एवढे माझे ऐक.

— ठमाताई

ठाणे, श्रावण शु॥ १२

ती. ताईस नमस्कार.

गोदूला आणले. त्याच दुपारी तिला वर्तमानपत्र दिले. किती सुरेख वाचते. मला अभिमान वाटला. मग एका जोडाक्षराशी ती अडली. तिने पत्र खाली ठेवले, पाटल्या वर सरकवल्या, हात पुढे केला आणि डोळे मिटले.

ताई, मला रडू आवरले नाही. तिची आई आत उठून गेली.

तिला इतक्यात पाठवत नाही असे मी कळवले, त्यावर आज आनंदरावांचा निरोप आला की मुलीला परत पाठवा, नाहीतर फिर्याद करीन. कायदा त्यांच्या बाजूचा आहे, हे मी जाणतो. भटजींना विचारले, तर तेही म्हणाले की बायकोची जागा नवऱ्याच्या घरी. सभेत एकमेकांचे तोंड न पाहणारे हे दोघे इथे एकच बोलतात. बोलोत. मी तिला पाठवणार नाही.

पण मी जवळ बसलो की ती अजून हात पुढे करते. तू ठाण्याला ये. ती पाटी मी माळ्यावरून काढून ठेवली आहे. तिला आता तू शिकव.

— विश्राम