रशीदाने बसवलेला स्पीकर

मी, मोहिउद्दीन वल्द रहमत, वय सहासष्ट, धंदा मोटारदुरुस्ती, राहणार दिग्रस, जिल्हा यवतमाळ, राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझे कान गेले आहेत, डोके गेलेले नाही. दोन्ही एकच समजणाऱ्यांनी पुढे वाचावे.

१. राहते घर व मारेगावकडील शेत माझा एकुलता मुलगा जफर याचे. शरियतने त्याचे आहे ते मी तोडत नाही.

२. दुकान, त्यामागची खोली, सर्व हत्यारे आणि माझी अडतीस सालची मोटार, तीतल्या रेडिओ व स्पीकरसह, मी रशीदाबीला देतो. ही जफरची पहिली बायको. तीन वर्षांपूर्वी तिला तलाक देऊन त्याने अमरावतीस दुसरे घर केले. ती माझी वारस नाही, म्हणूनच तिला असे देता येते. शरियत मृत्युपत्राने देऊ देते त्या तिसऱ्या हिश्श्याच्या आतच हे सारे आहे. वकिलाला विचारून घेतले आहे. जफरने पुन्हा तसदी घेऊ नये.

३. स्पीकरविषयी लिहितो, कारण भांडण तिथूनच सुरू झाले. बारा वर्षे जिनिंगच्या इंजिनाजवळ काम करून मला ऐकू येईनासे झाले. मोटारीतला घोगरा रेडिओही मला मुका झाला. जफरने पाटीवर लिहिले, "बहिऱ्या माणसाले रेडिओ कायले पाह्यजे? इकून टाका." बापासाठी त्याने एवढे लिहिण्याचे कष्ट घेतले.

रशीदाने नागपूरहून मोठा स्पीकर मागवला, सागवानी खोक्यात बसवून माझ्या सीटच्या पाठीमागे घट्ट आवळला, तारा स्वतः झाळल्या. मग मला बसवून रेडिओ लावला. माझ्या पाठीत ढोलक वाजू लागला.

"अब्बा, समजते काय?" तिने पाटीवर लिहिले.

मी म्हणालो, "कानाले नाही, पाठीले समजून राह्यलं."

जफरची आई वारली त्यानंतर मी रडलो तो थेट या दिवशी. मृत्युपत्रात असले लिहायचे नसते, ठाऊक आहे.

आठवड्याने जफरने तो स्पीकर काढून एका हॉटेलवाल्याला विकला. रशीदा भरल्या हॉटेलात गेली, पायातले चांदीचे पैंजण काढून टेबलावर ठेवले आणि स्पीकर उचलून आणला. तलाकाचे कारण जफर काहीही सांगो, खरे कारण हे आहे.

४. तलाकानंतर तिला मीच माहेरी जाऊ दिले नाही. दुकानामागची खोली तिला दिली. गावाने तोंड सोडले. मला ऐकू येत नाही. आज मोटार तीच चालवते, परवाना तिच्या नावचा आहे. बोलणाऱ्यांच्याच सुना बाळंतपणाला अडल्या म्हणजे याच मोटारीतून यवतमाळच्या दवाखान्यात जातात. रशीदाने कोणाला नाही म्हटलेले नाही.

५. गेल्या महिन्यात जफर आला. पाटीवर लिहिले, "गाडी भंगारात द्या. लोक हसून राह्यले." मी म्हणालो, "किल्ली रशीदापाशी हाय. तिले मांगून पाह्य." तो अंगणात बराच वेळ उभा राहिला आणि न मागताच बसस्टँडवर गेला. त्याला अजूनही वाटले तर त्याने यावे. चहा मिळेल. मोटार मिळणार नाही.

हा कागद मी स्वतः साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला. मध्येच घनश्यामने पाटीवर लिहिले, "हळू वाचा मोहिउद्दीनभाई, रस्त्यावर लोक थांबून आयकून राह्यले." तेव्हा मी उठून दार सताड उघडले आणि पहिल्या कलमापासून पुन्हा वाचले.

सही: मोहिउद्दीन वल्द रहमत

साक्षीदार:
घनश्याम ठाकरे, कापूस व्यापारी, दिग्रस
हिरासिंग राठोड, शेतकरी, दिग्रस

मुक्काम दिग्रस, ता. ९ ऑक्टोबर १९६१