आठव्या डावातला सैल चेंडू

प्रिय लिओना,

तू रविवारपर्यंत बहिणीकडे गेलीस आणि घर गप्प झालं. गप्प म्हटलं की मला एकावन्न सालचं आयोवातलं ते मैदान आठवतं. मी तेव्हा बेसबॉलच्या संघात पगारी पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, होतो. शाळेतल्या कविता पुटपुटत चेंडू फेकायचो. त्या दिवशी नऊपैकी आठव्या डावापर्यंत समोरच्यांना एकही फटका मिळाला नव्हता; असं पिचरच्या आयुष्यात क्वचितच घडतं. अशा वेळी पिचरशी कुणी बोलत नाही, बोललं की दृष्ट लागते.

मी घातलेल्या लग्नाच्या मागणीचं उत्तर द्यायला तू नेमकी तेव्हाच कुंपणाशी आलीस. तुझा भाऊ ड्वाइट, माझे चेंडू झेलणारा आमचा कॅचर, खेकसला, "लिओने, तोंड मिट!"

"अरे, मला फक्त त्याला..."

"सामना संपल्यावर सांग!"

तू वळलीस. होकार की नकार, कळेना. कविताही आठवेना.

लोक म्हणतात, पुढचा चेंडू हातातून निसटला. निसटतोय कसला! एक फटका बसला की दृष्टीची भीती संपेल आणि तू बोलशील, म्हणून मी तो मुद्दाम फुलासारखा अलगद सोडला. फलंदाजाने तो कुंपणापार भिरकावला आणि लगेच तू ओरडलीस, "हो रे वेड्या, हो!"

तू अजून म्हणतेस, "बरं झालं आधी बोलले नाही, नाहीतर खापर माझ्यावर फुटलं असतं." तुझं एवढं समाधान कशाला मोडू? म्हणून हे पत्र तुला न धाडता इथेच माझ्या उशीखाली.

रविवारची वाट बघणारा, तुझा,
व्हर्लिन