त्या चिंध्या माझ्या होत्या

मी, लाकडी सामानाला रंग-पॉलिश करणारा, वय वर्षे एकाहत्तर, हे लिहून ठेवतो. फुप्फुसे कामातून गेली आहेत, डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. कोणाचा धाक वाटावा, असे माणूसही आता उरलेले नाही. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी भावाविषयी खोटे लिहिले होते.

१. राहते घर मागच्या मोकळ्या जागेसकट माझ्या धाकट्या भावाच्या पत्नीला द्यावे. माझी मुलगी चिडेल. "ज्याच्या सिगारेटने आई जळाली, त्याच्या बायकोला घर?" असे म्हणेल. बाळ, पुढचे वाच.

२. मागच्या जागेत आम्हा दोघा भावांचे वर्कशॉप होते, वर माळा. एकोणीस वर्षांपूर्वी एका टेबलाला आणि आठ खुर्च्यांना मी जेल स्टेन, म्हणजे लाकडाचा तेलकट रंग, लावत होतो. तो मलमासारखा घट्ट असतो. कापडाने चोळायचा, जादा पुसून घ्यायचा, पूर्ण सुकू द्यायचा, मग वरून क्लिअर कोटचा पारदर्शक थर मारून बंद करायचा. पुसलेल्या चिंध्या एकेक पसरून वाळवायच्या, नाहीतर पाण्यात बुडवायच्या. बोळा करून टाकल्या तर तेलाने आपोआप तापतात आणि पेट घेतात. हे भावाला पहिल्याच दिवशी मी शिकवले होते. त्या दुपारी गिऱ्हाईक घाई करत होते. मी चिंध्यांचा बोळा खोक्यात कोंबला आणि ब्रश आणायला बाजारात गेलो, परतायला तीन-चार तास लागले.

डोके दुखते म्हणून बायको माळ्यावर पडली होती. भाऊ दाराबाहेर सिगारेट ओढत होता. धूर दिसताच तो आत धावला, त्याने दोन्ही हात कोपरापर्यंत भाजून घेतले, पण जिना आधीच पेटला होता.

मी आलो तेव्हा तो म्हणाला, "दादा, मी आत नाही रे ओढली. आईशप्पथ."

आग खोक्याच्या कोपऱ्यातून उठली होती, हे मला भिंतीकडे पाहताच कळले. मी सगळ्यांदेखत त्याच्या मुस्काटात मारली.

३. त्याने गाव सोडले. मुलीच्या लग्नाला आला, तर तिने फाटकातूनच "काका, परत जा" म्हटले. मी तिच्या मागे मूग गिळून उभा होतो.

तीन वर्षांपूर्वी तो दवाखान्यात शेवटचे दिवस मोजत होता. खरे सांगायचेच, असे ठरवून मी गेलो. मी तोंड उघडण्याआधी तोच म्हणाला, "दादा, माझ्याच हातून झालं असेल. थोटूक कुठं टाकलं ते आठवतच नाही मला. माफ करशील?"

मी म्हणालो, "केलं."

चार दिवसांनी तो गेला.

४. बँकेतली ठेव आणि शिसवी कपाट मुलीला. कपाट ओल्या फडक्याने पुसू नये. ब्रश, लांबी भरायचे पत्रे, पॉलिश पेपर खुर्च्या विणणाऱ्या शेजारणीला. मेहुण्याने उसना नेऊन परत न दिलेला रंधा त्याच्याकडेच राहू द्या. त्याने तो एकदाही चालवला नसेल, गंजला असेल. माझी तेवढीच शिक्षा त्याला.

५. काल भावजयीला फोन करून सगळे सांगितले. ती म्हणाली, "भाऊजी, ते झोपेत हात झटकायचे. बोटात काहीतरी जळतंय म्हणायचे. शेवटपर्यंत." मग म्हणाली, "घर नको आम्हाला." आणि फोन ठेवला.

तरी घर तिच्याच नावे करावे. विकावे, पाडावे, कुलूप लावून ठेवावे, तिची मर्जी. मुलीने स्वतः जाऊन कागद द्यावेत. माझ्या वतीने माफी मागू नये. तो हक्क माझा होता, तो मी त्या दवाखान्यात घालवला.

माझ्या फोटोला कोणी हार घालू नये.

स्थळ: राहते घर, पुढची खोली. अकरा मार्च, मंगळवार, सकाळी साडेदहा.

सही: लिहून ठेवणार

साक्षीदार: १. उपचार करणारे डॉक्टर. २. समोरचे शिंपी.

दोघांनी मला सही करताना पाहिले आणि माझ्यासमोर आपापली सही केली. मजकूर फक्त शिंप्यांनी वाचला. ते पाणी न घेताच गेले.