विहीणबाईंची मुदतवाढ

मंगळवार, १४ मार्च

सौ. विहीणबाई,

नमस्कार. इकडे सगळं बरं आहे. तिकडे तुम्ही, मुलं आणि आपली नात मजेत असणारच, रोज फोनवर दिसता.

अक्षर बघून दचकू नका, तुमच्या यजमानांचंच आहे. मला अक्षरओळख नाही, तुमचं पत्रही त्यांनीच वाचून दाखवलं. छापखान्यात लोकांच्या चुका शोधण्यात त्यांचा जन्म गेला, त्यामुळे मी एक सांगते आणि ते शुद्ध करून भलतंच लिहू बघतात. मी बजावलंय, बोलते तसंच उतरवायचं.

तुम्ही विचारलंत, व्हिसाची मुदत आणखी सहा महिने वाढवून घेऊ का, माझी हरकत नाही ना. फोनवर विचारलं नाहीत ते बरं केलंत. तिथे मागे सून उभी असते आणि माझा चेहरा माझं ऐकत नाही. त्या घरात जादा पलंग एकच. एक आजी निघाली की दुसरीनं जायचं, असं मुलांनी ठरवलेलं. माझा व्हिसा एकदा नाकारला गेला तरी परत अर्ज करता येतो, पण तुम्ही राहिलात की मी इथेच. तुम्हाला हे कळतं, म्हणून तर विचारलंत.

लग्न होऊन मी या घरात शिरले तेव्हा कुणी शिक्का बघितला नव्हता. आता पोटच्या पोराकडे जायचं तर परक्या साहेबानं आधी ‘या’ म्हणायचं, आणि आपण परत कधी निघणार ते दारातच सांगायचं. यजमान म्हणतात, व्हिसा म्हणजे एवढंच, मोजून दिलेली परवानगी. तुमचा तर नुसता भेटीचा. त्यावर काम करायला मनाई असते म्हणे. आणि तुम्ही दिवसभर बाळाला न्हाऊ घालता, झोपवता, दुपटी धुता. कुणी तक्रार केली तर पंचाईत होईल. मी करणार नाही. अजून तरी.

यजमानांची काळजी करू नका. तुमच्या घरी पेला उचलून ठेवत नव्हते, असं तुम्हीच सांगायचात. गेले तीन आठवडे रोज दुपारी माझ्याकडे जेवतात आणि माझी भांडी घासतात. कढईचं बूडसुद्धा. माझी कंबर धरलीय म्हटल्यावर एका शब्दानं कुरकुरले नाहीत. तुम्हाला हे वाचून थोडं लागलं असेल तर लागू दे. मला चार महिने लागतंय.

हरकतीचं म्हणाल, तर मी काय हरकत घेणार? खुशाल वाढवा.

इथे यजमानांनी लेखणी खाली ठेवली. म्हणाले, “विहीणबाई, ‘वाढवा’ असं खरंच लिहू?”

त्यांचा चेहरा बघितला आणि माझा मोठेपणा गळून पडला. त्यांनाही तुम्ही परत हव्या आहात. सांगत नाहीत इतकंच.

तर आता खरं लिहायला सांगते. माझा व्हिसा नाकारला, असं मी सगळ्यांना सांगितलं. तो कुणी नाकारला नव्हता. त्या कचेरीत आपण दोघी बरोबर गेलो होतो, आठवतं? तुमच्या बोटांचे ठसे मशीननं पटापट घेतले. माझे उठेनात. बाटल्या धुण्याच्या कारखान्यात सोड्याच्या पाण्यात तीस वर्षं हात घातले, रेघा राहणार कुठून. काउंटरवरची मुलगी चांगली होती. हळूच म्हणाली, पंधरा दिवस हातांना पाणी कमी लावा, मलम लावा आणि परत या.

मी गेले नाही. तुम्ही बाहेर बाकावर बसून सुनेला फोनवर सांगत होतात, माझं काम झालं म्हणून. तिकडून ती आनंदानं ओरडली, मला इतक्या लांब ऐकू आलं. माझं काय झालं ते तिनं विचारलं नाही. घरी येऊन मी होती नव्हती ती भांडी घासली. मुलाला कळवलं, व्हिसावाले नाही म्हणाले.

मग महिन्यापूर्वी तुम्ही फोनवर म्हणालात, बाळ माझ्याशिवाय झोपतच नाही. गोड हसून म्हणालात. मी जळले, विहीणबाई. राख व्हायची तेवढी बाकी होती. दुसऱ्या दिवशी मलम आणलं. कंबर माझी ठणठणीत आहे. यजमानांना हे आत्ता लिहिताना कळलं, आणि ते छताकडे बघताहेत.

काल एकटी जाऊन आले. दहाच्या दहा बोटं उठली. निकाल पंधरा दिवसांत.

तेव्हा माझी हरकत आहे. पंधरा दिवस अर्ज भरू नका. मला व्हिसा मिळाला तर तुमच्या मुदतीला परत निघा. आणि निघण्याआधी नात कशी झोपते ते मला फोनवर नीट शिकवून ठेवा, कारण तिला माझा हात परका वाटणार, आणि ती रडलेली मला सोसणार नाही.

नाही मिळाला, तर मात्र बेलाशक वाढवा. पोरीजवळ एक आजी तरी असू दे. मग मी जळत बसेन, पण तुमच्यावर रागावणार नाही.

नातीनं जिला अजून नुसतं फोनच्या काचेतून बघितलंय,
ती तिची बापाकडची आजी