पंपात ताक होतं

नाशिक

याडी, माय माही, दुरूनच तुह्या पाया पडतो. तुही नात वर्षा हे वाचून दाखवत असन.

आमी कापूसवाले सारे इथली शेती पाह्याले सुखरूप पोचलो. हा द्राक्षाचा मळा बिनविषाचा आहे, वाईनबी इथंच बनते. एक माणूस पाठीवर पंप घेऊन फवारून राह्यला होता, तं मी बांधावरच थबकलो. पण पंपात ताक होतं. लोक त्याच वेलाची द्राक्षं तोडून खात होते.

मग चव पाह्याले ग्लासात वाईन देली. आपण तांड्यावर करतो तसे मी पहिले थेंब पितरांसाठी खाली सांडले. वाढणारी पोरगी म्हणे, "दादा, आवडली नाही का?" अन् फडकं घेऊन धावली. चकचकीत फरशी होती, आपली माती थोडीच.

मले काय आवडन? मांगच्या फवारणीत विष चढलं तवापासून तोंडाले चवच नाही, तुले तं माहीत आहे.

दुपारी जेवण मळ्यातलंच होतं, भाकर अन् आंबाडीची भाजी. याडी, भाजी आंबट लागली. मी परत मागून घेतली. परत आंबटच लागली.

तुहा खोकला कसा आहे? परसातली आंबाडी मी येईपर्यंत खुडू नोको.

तुहा शाम