पानमळ्याची जागा

तीर्थस्वरूप सहदेवदादांस, केशवचा साष्टांग नमस्कार.

साहेबाने बूट काढले आणि अनवाणी तुमच्या कुंपणाच्या आत पाय ठेवला. पानमळ्यात जोडे चालत नाहीत, हे मीच त्याला सांगितले होते. जिल्ह्याच्या सरकारी पुस्तकासाठी तो आपल्या पातूरची माहिती माझ्याकडून लिहून घेत होता. गाव किती जुने, लेणी कुठे, पाहण्यासारखे काय, हे सांगताना सवयीने तुमच्या मळ्याचे नाव तोंडून गेले. लेणी पाहून झाल्यावर तो म्हणाला, आता मळा दाखव.

आत सगळी कापसाची पऱ्हाटी उभी होती.

"वेल कुठे आहेत?" साहेबाने विचारले.

शेजारचा जानराव धुऱ्याच्या बांधावरून हसला. "आता काहून लाजून राह्यले, केशवराव? येल तोडले तवा तं मले म्हने, कापसाले भाव हाय!"

दादा, पाय सुजले म्हणून तुम्ही अचलपुरास लेकीकडे गेलात आणि मळा माझ्यावर सोपवलात. वडिलांनी लावलेले वेल मी दोन दिवसांत तोडले. साहेबाने वहीतली मळ्याची ओळ खोडली.

तुमचा धाकटा,
केशव

दुसऱ्या दिवशी सकाळी अचलपूरची गाडी निघाली. पत्र मी दिले नाही. गाडीवानाला निरोप सांगितला: मळा बरा आहे.